गिऱ्हाईक ‘पर्कोलेटर’ मागतंय, काय देऊ?

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, थोडक्यात सांगते. घरचं भांड्यांचं दुकान, सासऱ्यांनी उभं केलेलं, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. स्टीलचे डबे, कुकर, तांब्याचे हंडे, रुखवताचा माल असं सगळं. वर्षभरापासून गॅसवरची कॉफीची भांडी विचारायला पोरंपोरी येतात म्हणून पुण्यात नोकरीला असलेल्या लेकाच्या सांगण्यावरून ताईंनी चार-पाच प्रकार मागवले. माल आला आणि नावांचा घोळ सुरू झाला. एका खोक्यावर ‘मोका पॉट’, दुसऱ्यावर ‘स्टोव्हटॉप एस्प्रेसो मेकर’, आत भांडं तेच. अण्णा सगळ्यालाच ‘कॉफीची किटली’ म्हणतात, गिऱ्हाईक ‘पर्कोलेटर’ म्हणतं, शेजारचे रिटायर गुरुजी म्हणतात पाटीवर मराठीत ‘बाष्पदाब कॉफीपात्र’ लिहा. मागच्या महिन्यात गल्लीतल्या एका वयस्कर बाईंनी पर्कोलेटर मागितला, अण्णांनी ‘हेच ते’ म्हणून मोका दिला, बाईंनी जुन्या सवयीनं तो दहा-पंधरा मिनिटं गॅसवर ठेवला, कॉफी करपली, रबराचा वास सुटला, त्या भांडं परत घेऊन आल्या. ताईंनी ‘वापरलेलं परत घेत नाही’ म्हणून सांगितलं. सुट्टीला आलेला लेक चार लोकांसमोर आजोबांना म्हणाला, ‘फरक कळत नाही तर विकता कशाला?’ तेव्हापासून अण्णा काउंटरवर बसलेले नाहीत. ताई विचारतात, ह्या भांड्यांची बरोबर नावं एकदा सांगा, म्हणजे पाट्या लावते आणि वाद मिटवते.

ताई,

नावं सांगते, सगळी सांगते. पण पाट्या लावल्या की वाद मिटेल असं जे तुम्हाला वाटतंय तिथं मी जरा अडखळले. कारण त्या बाईंचं जे झालं ना तेच माझं झालंय, आणि माझ्या खोक्यावर नाव अगदी बरोबर छापलेलं होतं.

माझ्या आईकडं ॲल्युमिनियमचा पर्कोलेटर होता, झाकणावर काचेची टोपी असलेला. त्या टोपीत पाणी उसळताना दिसायचं, आधी पांढरं, मग पिवळट, मग चांगलं तपकिरी, आणि रंग बघत बसायचं काम आम्हा भावंडांकडं. पुढं इथं साताऱ्यात संसार मांडला, आई गेली, ते भांडंही कुठं गेलं देव जाणे. पाच-सहा वर्षांपूर्वी भाचीनं वाढदिवसाला मोका पॉट दिला. मी म्हटलं अरे वा, पर्कोलेटर! पाणी भरलं, पावडर भरली, गॅसवर ठेवला आणि आईसारखी दहा मिनिटं धरून निवांत कणीक मळायला घेतली. वास आला तेव्हा पळाले. वरची कॉफी काढ्यासारखी आटलेली, खालचं भांडं कोरडं ठाक तापलेलं, आणि मधली रबराची रिंग कडेनं चिकट झालेली. म्हणजे खोक्यावरचं नाव बरोबर होतं, माझ्या डोक्यातलं नाव चुकीचं होतं, आणि माझा हात चालला डोक्यातल्या नावानं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नाव बरोबर की चूक हे भाषेवरून ठरवू नका, हातावरून ठरवा. ज्या नावामुळं माणूस गॅस वेळेवर बंद करतो ते नाव चांगलं. आणि दिसायला भांडी सारखी असली तरी त्यांच्यात फरक एकाच गोष्टीचा असतो, आत पाणी कुठं जातं.

मोका पॉटमध्ये पाणी खाली, पावडर मधल्या चाळणीत, कॉफी वर. खालचं पाणी तापलं की वाफेचा दाब त्या पाण्याला पावडरीतून वर ढकलतो आणि वर आलेली कॉफी वरच राहते, परत खाली जात नाही. एकदाच. शेवटी खालचं पाणी संपत आलं की गुडगुड आवाज येतो, तो आवाज म्हणजे झालं, गॅस बंद. त्यापुढं ठेवलं की माझ्यासारखं होतं. पर्कोलेटरमध्ये मधोमध एक नळी असते, उकळतं पाणी नळीतून वर उसळतं, वरच्या डब्यातल्या पावडरीवर पडतं, झिरपून खाली येतं आणि तीच कॉफी पुन्हा नळीतून वर जाते, अशी फिरतच राहते जोवर तुम्ही गॅस बंद करत नाही. म्हणून त्याला सात-आठ मिनिटं लागतात आणि म्हणून त्याची पावडर जाड लागते, बारीक घातली तर कडूजहर होते. अमेरिकेत इलिनॉयच्या हॅन्सन गुडरिचनं १८८९ साली ह्या घाटाच्या पर्कोलेटरचं पेटंट घेतलं, तिकडं घराघरात तोच होता कित्येक वर्षं. मोका त्याच्यानंतरचा, १९३३ चा, इटलीतल्या अल्फोन्सो बियालेत्तीच्या कारखान्यातला. तुमच्या त्या बाईंच्या मनात पर्कोलेटर होता, हातात मोका पडला. त्यांची चूक शून्य. अण्णांचीही फार नाही, दोन्ही ॲल्युमिनियमची, दोन्हीला दांडा, दोन्हीला तोटी, दोन्ही गॅसवर.

आता ‘मोका’ ह्या नावाची गंमत बघा. येमेनमध्ये मोखा नावाचं बंदर आहे, जुन्या काळी जगभरची कॉफी तिथून जायची, त्या बंदराचं नाव इटलीच्या भांड्याला लागलं. आपल्याकडंही कॉफी त्याच बंदरातून आली म्हणतात, बाबा बुदान नावाच्या सूफी संतांनी सतराव्या शतकात तिथून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी कथा आहे. आणि आता कॅफेत ‘मोका’ मागितली की येते चॉकलेट घातलेली कॉफी! तेव्हा तुमच्याकडं एखादी मुलगी येऊन ‘ह्यात चॉकलेट कुठं घालायचं’ विचारेल तर हसू नका, तिनं मेनूकार्डात वाचलंय ते.

खोक्यावरचं दुसरं नाव, ‘स्टोव्हटॉप एस्प्रेसो मेकर’, हे मात्र मला खटकतं आणि सांगते का. कॅफेतल्या मोठ्या मशीनमध्ये एस्प्रेसो होते ती साधारण ९ बार दाबावर (बार म्हणजे दाब मोजायचं माप). मोका पॉटमध्ये दाब असतो एक-दीड, फार तर २ बार, म्हणजे आपल्या घरच्या कुकरच्या आसपासचा. त्या दाबानं कडक कॉफी होते, झकास होते, पण एस्प्रेसोवर जी जाड सोनेरी साय येते ती येत नाही. आणि आपल्याकडं तर एस्प्रेसोचा घोळ दुहेरी आहे, कारण आपण सगळ्यांनी पहिली ‘एस्प्रेसो कॉफी’ प्यायली ती लग्नाच्या रिसेप्शनला, फुस्स करून वाफ सोडणाऱ्या मशीनमधली, इन्स्टंट पावडरीची, फेसच फेस आणि वर चॉकलेट पावडर भुरभुरलेली. ती छानच लागते, माझी अजून आवडती आहे, पण एस्प्रेसो नव्हे. आता ‘एस्प्रेसो मेकर’ वाचून भांडं घरी नेणारा माणूस फेसाची वाट बघत बसणार आणि फेस आला नाही की तुमच्याकडं येणार. तेव्हा हे नाव पाटीवर नको. कुणी विचारलं तर सांगा की हो, काही लोक ह्यालाच म्हणतात, पण फेस येत नाही बरं का.

मग तुमच्याकडं बहुतेक साउथ इंडियन फिल्टरही असेल, स्टीलचा नाहीतर पितळेचा, एकावर एक दोन डबे. सांगली-मिरजेला कर्नाटक जवळ, तिथं हा माहीत असणारी घरं खूप. पण नवीन पोरांना तो मोकाचा भाऊ वाटतो, दोन मजली म्हणून. तो गॅसवर ठेवायचाच नाही! वरच्या डब्यात पावडर, त्यावर उकळतं पाणी ओतायचं आणि पंधरा-वीस मिनिटं विसरून जायचं, पाणी आपल्या वजनानं खाली ठिबकतं. मोकात पाणी वर चढतं, फिल्टरमध्ये खाली उतरतं, एवढं वाक्य काउंटरवर बोललात तरी निम्मी गिऱ्हाइकं सुटतील. फ्रेंच प्रेस, म्हणजे वरून जाळीचा दट्ट्या दाबायचं काचेचं भांडं, ठेवत असाल तर त्याची काचही गॅसवर नको, तडकते, हे लाल अक्षरात लिहा.

पुढचं, लांब दांड्याचं छोटं भांडं, तळाशी रुंद आणि गळ्याशी अरुंद, आपलं फोडणीचं कढलं जरा खोल केल्यासारखं. ह्याच्या खोक्यावर बऱ्याचदा ‘इब्रिक’ असतं. तुर्कस्तानात जाऊन इब्रिक मागितलात तर तुमच्यापुढं तोटीचा चंबू येईल, हातपाय धुवायचा. कॉफीच्या भांड्याला ते जेझवे म्हणतात, ग्रीक लोक ब्रिकी म्हणतात, इंग्रजीत मात्र इब्रिक हे नाव रुळून गेलंय आणि आता कोण काढणार. म्हणजे चुकीचं नावही चालतं बघा, फक्त ज्या गावात चालतं त्या गावात. तुम्ही पाटीवर ‘टर्किश कॉफीचं भांडं’ लिहा, सरळ आहे. ह्यात गाळणं नसतं, पावडर मैद्यासारखी लागते, पाण्यातच घालून फेस वर आला की उतरवायचं, गाळ तळाशी बसू द्यायचा.

बाकी काचेचे दोन फुगे एकावर एक असतात तो सायफन, आणि नेपल्सची एक किटली असते जी पाणी उकळल्यावर चक्क उलटी करतात. दोन्ही सांगलीत महिन्याला एक खपलं तरी पुष्कळ, त्यांच्या नावावर झोप घालवू नका.

तर ‘बरोबर नाव’. तुम्ही धरून चाललाय की कुठंतरी एक बरोबर नाव लिहून ठेवलेलं आहे आणि ते तुम्हाला, अण्णांना आणि गिऱ्हाइकाला सोडून सगळ्या जगाला माहितीये. तसं नाही हो. त्याच मोकाला स्पेनमध्ये ‘इटालियन कॉफीचं भांडं’ म्हणतात, जर्मनीत ‘एस्प्रेसो शिजवायचं भांडं’ अशा अर्थाचं नाव आहे, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ‘ग्रेका’, आणि खुद्द इटलीत घरातली बाई ‘काफेत्तिएरा’ म्हणते, म्हणजे शब्दशः कॉफीची किटली. अण्णा नेमकं हेच म्हणत होते की! मोका हे मुळात एका मॉडेलचं नाव, मोका एक्स्प्रेस, ते सगळ्या जातीला चिकटलं, आपल्याकडं वनस्पती तुपाला डालडा चिकटलं तसं. (त्या बियालेत्तींचा मुलगा रेनातो, ज्यानं हे भांडं घराघरात नेलं, तो २०१६ मध्ये वारला तेव्हा त्याची रक्षा मोठ्या मोका पॉटमध्ये ठेवली. आता त्या भांड्याला काय म्हणायचं ते गुरुजींना विचारा.)

मग काहीही म्हटलं तर चालेल का? नाही ना. तुमच्याकडं बेदाणा आणि मनुका ह्यात कुणी गल्लत करत नाही, तासगावच्या माणसासमोर तर करून बघाच. बाहेर कित्येकजण दोन्हीला किसमिसच म्हणतात. का? कारण तुमच्याकडं त्या दोन नावांना दोन भाव आहेत. जिथं भाव बदलतो, वापर बदलतो, तिथं शब्द दोन लागतात. कॉफीच्या भांड्यांचंही तसंच, मोका आणि पर्कोलेटर ही दोन नावं वेगळी ठेवाच, कारण गॅस बंद करायची वेळ वेगळी आहे. पण मोकाला कुणी कॉफीची किटली म्हटलं, मोका म्हटलं, मोचा म्हटलं, काही बिघडत नाही, दुरुस्त करू नका, फक्त विचारा ‘पाणी एकदाच वर जातं तो ना?’

गुरुजींचं ‘बाष्पदाब कॉफीपात्र’ मला तसं आवडलं, चुकीचंही नाही, पण ते मागायला माणूस यायचा नाही. किटली तरी कुठं आपली, इंग्रजी केटलची केली आपण, आणि वॉशरचा वायसर केला, कुणी समिती बसवली नव्हती. गुरुजींना चहा पाजा आणि पाटीवर ‘मोका पॉट’ लिहा.

पाटीवर नावाखाली एक ओळ हवीच, नावापेक्षा ती महत्त्वाची. मोकाच्या पाटीवर असं काहीतरी: ‘पाणी खालच्या भांड्यात, बाजूच्या व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच. पावडर बारीक रव्यासारखी, दाबायची नाही. मंद गॅस. गुडगुड झालं की बंद. दूध घालायचं नाही.’ दुधाचं मुद्दाम सांगते, आपल्याकडं लोक खालच्या भांड्यात पाण्याऐवजी दूध घालतात, ते व्हॉल्व्हमध्ये लागतं, व्हॉल्व्ह बंद झाला की दाबाला वाट राहत नाही, मग ते भांडं धोक्याचं. पर्कोलेटरच्या पाटीवर: ‘जाड पावडर, सात-आठ मिनिटं, काचेत रंग बघा.’ एवढंच पुरे.

कपांचं लफडं राहिलंच. मोकावर ‘३ कप’ लिहिलेलं असतं ते इटालियन कप, घोटभर, सगळी मिळून साधारण १३० ते १५० मिली. म्हणजे आपला एक कप! सहा कपवाल्यात आपले दोन होतात. घरात चार माणसं म्हणून ४ कपचा नेणारा माणूस तुम्हाला लबाड म्हणणार, तेव्हा पाटीवर मिली लिहा आणि शेजारी आपला नेहमीचा कप मांडून ठेवा. ॲल्युमिनियमचा मोका इंडक्शनवर तापत नाही, हेही विकायच्या आधी विचारायचं, ‘घरी गॅस का इंडक्शन?’ आणि अगदी छोटा मोका गॅसच्या स्टँडवर नीट बसत नाही, कलंडतो, त्यासाठी एक जाळी लागते, ती सोबत विका, दोन पैसे तुम्हालाही सुटतील. धुताना तारेच्या घासणीनं घासला की ओरखडे पडतात, मावशींना आधीच सांगून ठेवायला सांगा.

आता त्या बाई. ताई, तुम्ही ‘वापरलेलं परत घेत नाही’ म्हणालात, नियम बरोबर आहे, एरवी मीही तेच म्हणाले असते. पण त्यांनी मागितलं एक आणि आपण दिलं दुसरं, तेव्हा ते परत घेणं नव्हतंच, आपली चूक निस्तरणं होतं. आज संध्याकाळी जा त्यांच्याकडं, पर्कोलेटर घेऊन जा, मोका परत आणा, फरक असेल तो सोडून द्या. गल्लीतलं गिऱ्हाईक आहे.

आणि अण्णा. इथं तुमच्या पत्रात मला एक गोष्ट फार जाणवली, तुम्ही लिहिलंय ‘नावं कळली की वाद मिटेल’, पण अण्णा उठून गेले ते नावावरून नव्हे, नातू चार लोकांत बोलला त्यावरून. त्यावर बरोबर नावांची पाटी लावलीत तर ती अण्णांना आपल्या चुकीचीच पाटी वाटणार, रोज दारात. लेकाचं म्हणणं खरं होतं तरी त्यानं आजोबांना फोन करायला हवा, आणि तो तुम्ही करायला लावायचा, पाट्या लागायच्या आधी. ‘सॉरी आजोबा’ एवढं झालं तरी बास, लांबण नको.

दुसरं असं की ह्या सगळ्या प्रकरणात मोका पॉटबद्दल सगळ्यात जास्त अण्णांना कळतं, हे तुमच्या घरात कुणाच्या लक्षातच आलेलं नाही. मोका म्हणजे काय, खाली पाणी, वर झाकण, आट्याची फिरकी, रबराची रिंग, दाब जास्त झाला तर सुटायला व्हॉल्व्ह. कुकरचंच पिल्लू आहे हे! ज्या माणसाची हयात कुकर विकण्यात, वायसर बदलून देण्यात आणि ‘वहिनी, शिट्टी का होत नाही’ हे बघण्यात गेली त्याला ह्यात नवीन काय आहे? मोका आट्यातून गळायला लागला तर दहातल्या नऊ वेळा रिंग कडक झालेली असते किंवा कडेला पावडर अडकलेली असते, अण्णा हात लावून सांगतील. ह्या रिंगा मापाच्या लागतात, ३ कपची ६ कपला बसत नाही, आणि लोक त्या ऑनलाइन शोधत बसतात. मालवाल्याकडून दोन्ही मापाच्या डझनभर मागवा, अण्णांच्या ड्रॉवरमध्ये कुकरच्या वायसरशेजारी ठेवा, आणि तुमच्या पाटीवर खाली बारीक अक्षरात टाका, ‘मोकाची रिंग बदलून मिळेल’. ते काम दुसऱ्या कुणाला येत नसल्यामुळं त्यांना काउंटरवर यावंच लागेल.

बाईंकडून परत आलेला तो मोका विकू नका. रिंग बदला, दोन-तीनदा कॉफी करून टाकून द्या म्हणजे करपका वास जाईल, आणि दुकानात मागं ठेवा. दूध वेगळ्या भांड्यात तापवा. गिऱ्हाइकाला गुडगुड म्हणजे काय ते ऐकवायला एक भांडं हाताशी लागतंच, आणि अण्णांना चारची कॉफी लागते असं तुम्हीच लिहिलंय.